मदत हवी आहे: व्हेर्दिक्कियो चाखायची कशी?

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे सध्या इटलीत, मार्के प्रांतातल्या अंकोनात राहतो. इथली व्हेर्दिक्कियो ही पांढरी वाइन मला फार आवडायला लागली आहे. ग्लासात हिरवट झाक, लिंबासारखी आंबट धार, आणि घोट गिळल्यावर जिभेवर कडू बदामाची चव रेंगाळते. तीच मला सगळ्यात प्रिय! ती इथल्या दोन गावांच्या परिसरात बनते: येझीची समुद्राच्या बाजूची, मातेलिकाची डोंगरातल्या खोऱ्यातली, एवढं कळलंय. पण डोळे मिटून प्यायलो तर फरक सांगता येत नाही. कोणी दोन्ही शेजारी ठेवून चाखल्या आहेत का? नेमकं काय शोधायचं?

येझीची रिझेर्वा (साधीपेक्षा जास्त काळ ठेवलेली) किमान १८ महिने मुरवतात. ती किती थंड घ्यावी? फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतली तर वासच लागत नाही. तळलेल्या मासळीबरोबर साधी बरी की रिझेर्वा?