जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल घरी बदलावं का? ठाण्यातल्या अनुभवी मंडळींचा सल्ला हवा

कासारवडवलीकर
बाबांची होंडा सिटी आहे, २०१० ची ऑटोमॅटिक. त्यांचा डावा गुडघा दुखायला लागला तेव्हा क्लच नको म्हणून मुद्दाम घेतली होती. आजही रविवारी आईला घेऊन तलावपाळीला तीच गाडी नेतात. रीडिंग १ लाख १४ हजार.

दोन महिन्यांपासून सकाळी डी (ड्राइव्ह) मध्ये टाकलं की गाडी क्षणभर थांबते आणि मग धक्का देऊन पकडते. घोडबंदर रोडला अर्धा तास रखडलो की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा झटका वाढतो. सर्व्हिसची जुनी बिलं काढून पाहिली, गिअरबॉक्स ऑइल बदलल्याची नोंद एकाही बिलावर नाही. एक गॅरेजवाला म्हणतो मशीन लावून फ्लश करू. दुसरा म्हणतो, इतकी वर्षं बदललं नाही तर आता हातच लावू नका, गिअरबॉक्स बसेल. हे ऐकल्यापासून बाबा गाडी काढायलाच घाबरतात.

इंजिन ऑइल मी घरीच बदलतो. हे जमेल का? कोणतं ऑइल, किती, कुठून घ्यावं?

नेरूळकर
आधी एक खात्री करा, कारण 'ऑटोमॅटिक' या एका शब्दात चार वेगवेगळी यंत्रं येतात. २००८ च्या आधीच्या सिटीत सीव्हीटी होता, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा, त्याचं ऑइल वेगळं. तुमची त्यानंतरची, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) पाच गिअरचा बॉक्स. त्याला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं खास ऑइल लागतं. जुन्या पुस्तकांत झेड-वन लिहिलेलं असतं, पुढे होंडाने त्याच्या जागी डीडब्ल्यू-वन आणलं आणि ते जुन्या बॉक्सलाही चालतं. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं छापलेला डबा घेऊ नका. पायाखाली क्लच नसला तरी बॉक्सच्या आत क्लच प्लेटा असतात; त्यांनी किती घसरावं आणि किती पकडावं हे ऑइलमधल्या रसायनावर ठरतं. ते चुकलं की नवं ऑइल घालूनही झटके येतात.

वागळे इस्टेट
तीस वर्षं याच कामात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'हात लावू नका' या सल्ल्यामागे पाहिलेले अनुभव असतात, पण त्यांचा अर्थ चुकीचा लावला जातो. प्लेटा आधीच झिजलेल्या असतात, गिऱ्हाईक शेवटी येतं, ऑइल बदललं जातं, महिन्याभरात बॉक्स बसतो आणि दोष नव्या ऑइलच्या माथी येतो. मशीनने दाब देऊन फ्लश करायला मात्र मीही नाही म्हणेन. वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ त्या दाबाने उठतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल वळवून गिअर बदलणारा भाग) बारीक वाटांत, सोलेनॉइडमध्ये (तिथले विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) जाऊन अडकतो. खालून निघेल तेवढं काढायचं आणि वरून तेवढंच घालायचं, दाब अजिबात नाही. यात जुन्या बॉक्सला त्रास होत नाही.

पण पाना हातात घेण्याआधी गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. तपकिरी-लालसर असेल तर बिनधास्त करा. काळं असेल, करपल्याचा वास येत असेल आणि चढावर इंजिन नुसतं गुरगुरून गाडी पुढे सरकत नसेल, तर प्लेटा गेल्या आहेत, तिथे ऑइलवर पैसे घालू नका. गुलाबी दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय, गाडी चालू सुद्धा करू नका. पावसाळ्यात ठाण्यातल्या वंदना टॉकीजच्या परिसरात गाडी पाण्यात उभी राहिली असेल त्यांनी हा थेंब जरूर पाहावा.

तुमच्या बॉक्समधून एका वेळी अडीच लिटरच्या आसपासच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून एकदा बदलून थांबू नका. दर वेळी निम्मं बदललं असं धरलं तरी दुसऱ्या खेपेला ७५ टक्के आणि तिसऱ्या खेपेला ८७ टक्के नवं होतं. मध्ये आठवडाभर गाडी चालवा म्हणजे जुनं-नवं नीट मिसळेल.

खारघरची ताई
मी माझ्या जुन्या गाडीचं घरीच केलंय, माझी चूक सांगते म्हणजे तुमची टळेल. पुस्तकात लिहिलेला आकडा पाहून तेवढं ऑइल मोजून ओतलं, निघालेलं मोजलंच नाही. आमचं स्टिल्ट पार्किंग पाणी वाहून जावं म्हणून एका बाजूला उतरतं केलेलं आहे, त्यामुळे जुनं पूर्ण निघालंच नव्हतं. पातळी वर गेली, ऑइलला फेस आला आणि ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवेच्या भोकातून) बाहेर येऊन खाली सगळं लाल झालं. तेव्हापासून निघालेलं ऑइल खुणा केलेल्या पाण्याच्या बाटल्यांत ओतून मोजते आणि नवं बरोबर तेवढंच घालते. जागा सपाट आहे का तेही आधी बघते.

आणि दादा, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. दोन जॅक स्टँड, मागच्या चाकांना विटा, हँडब्रेक. हे नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

कासारवडवलीकर
थेंब पाहिला. गडद तपकिरी, करपट वास नाही. वागळेकाका, जीव भांड्यात पडला. दोन शंका: ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) चुकणार नाही ना? आणि पातळी गरम असताना बघायची की थंड?

वागळे इस्टेट
इंजिनच्या बोल्टला १७ चा पाना लागतो. गिअरबॉक्सच्या बोल्टला चौकोनी खाच असते, त्यात ३/८ इंचाचा रॅचेट थेट बसतो. गोंधळ झाला की गिअरबॉक्स रिकामा आणि इंजिनात दुप्पट ऑइल. असं नवशिक्या पोरांच्या हातून झालेलं मी पाहिलंय. बोल्टचं वॉशर १८ मिमीचं, दर वेळी नवं घाला. घट्ट करायचा ४९ न्यूटन मीटर, जास्त जोर लावू नका, बॉक्स ॲल्युमिनियमचा आहे. बोल्टच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर राखाडी मळी असणारच, ती पुसा. धातूचे कपचे दिसले तर मात्र फोटो इथे टाका.

पातळी गरम असताना बघायची. रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत इंजिन चालवा, बंद करा, आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक बघा.

सानपाडा
ऑइल आणि वॉशर अधिकृत डीलरच्या स्पेअर काउंटरवरून पार्ट नंबर सांगून घ्या आणि बिल मागा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला बाकी बरंच मिळतं, पण ऑइल तिथून सुटं घेऊ नका. जुनं ऑइल गटारात किंवा ओल्या कचऱ्यात नको, ते घातक कचऱ्यात मोडतं. ओळखीच्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचं पिंप असतं, झाकण लावलेल्या कॅनमधून तिथे नेऊन द्या.

कासारवडवलीकर
पहिली खेप काल झाली. सेक्रेटरींना आधी सांगून ठेवलं, खाली पुठ्ठे अंथरले. २ लिटर ४०० मिली निघालं, तेवढंच लांब नळीच्या नरसाळ्याने डिपस्टिकच्या नळीतून घातलं. अर्धा तास त्यातच गेला, फार सावकाश उतरतं. मग ब्रेक दाबून पी, आर, एन, डी सगळीकडे पाच-पाच सेकंद फिरवलं. चुंबकावर फक्त मळी होती.

सकाळचा धक्का निम्म्याहून कमी झालाय. दुसऱ्या-तिसऱ्याचा झटका अजून आहे. काळजी करावी का?

वागळे इस्टेट
नको. तीन खेपा होईपर्यंत निकाल काढू नका. आठवडाभर घोडबंदरच्या रांगेतही चालू द्या आणि मोकळ्या रस्त्यावरही, म्हणजे पाचही गिअर पडतील.

कासारवडवलीकर
तिसरी खेप आज झाली. ऑइल बाटलीतून आरपार लाल दिसत होतं. माजिवड्यापासून घरापर्यंत ट्रॅफिकमधून आणली, दुसऱ्या-तिसऱ्याला अगदी हलकी जाणीव उरलीय, झटका नाही. संध्याकाळी बाबांनी चावी मागून घेतली.