सातशे रुपयांचं लग्न आणि एक्केचाळीस वर्षं: एका फॉरवर्डला उत्तर

ओसरी

काल आमच्या खानदानी ग्रुपवर एका काकांनी टाकलं: "अमेरिकेत सिद्ध झालं! लग्नावर खर्च जेवढा जास्त, घटस्फोट तेवढा लवकर. आमचं लग्न ७०० रुपयांत झालं, ४१ वर्षं झाली." खाली पस्तीस जणांचे जोडलेले हात. तिथे तोंड उघडलं असतं तर दिवाळीच्या फराळाला मुकले असते, म्हणून इथे ओकते.

यामागचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, खरा आहे. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या फ्रान्सिस आणि मियालॉन या दोन अर्थतज्ज्ञांचा, २०१४ चा. लग्न झालेल्या तीन हजारांवर अमेरिकन लोकांकडून ऑनलाइन प्रश्नावली भरून घेतली. साखरपुड्याला दोन ते चार हजार डॉलरची अंगठी घेणाऱ्या पुरुषांत, पाचशे ते दोन हजारवाल्यांच्या मानाने, घटस्फोटाचा धोका १.३ पट. बायकांच्या उत्तरांत, वीस हजार डॉलरच्या वर गेलेल्या लग्नांना पाच ते दहा हजारवाल्यांच्या साडेतीन पट. काकांनी इथवर वाचलं आणि मोबाइल ठेवला. पुढे त्याच पेपरात आहे की लग्नाला माणसं जास्त आली तर धोका कमी, आणि हनिमूनला गेलेल्यांचाही कमी. हे कुणी कशाला फॉरवर्ड करेल!

पण माझा राग वेगळाच आहे. तिकडे अंगठी बहुतेक वेळा तो मुलगा स्वतःच्या पगारातून घेतो, हप्तेही तोच फेडतो. आपल्याकडे खर्च करतो मुलीचा बाप, मिरवतात व्याही. माझ्या मामेबहिणीचं लग्न २०१६ चं. मामाने दीड एकर विकली, हजार पान उठलं. तिसऱ्या महिन्यात नवऱ्याने हात उचलला. साडेतीन वर्षं ती माहेरी एक शब्द बोलली नाही. का? "बाबांची जमीन गेली ना गं माझ्यापायी." म्हणजे खर्चाने लग्न टिकवलंच की! काकांच्या हिशेबात ती साडेतीन वर्षं जमेच्या बाजूला.

अण्णा_सातारकर

ताई, बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. पण काकांनी काय पाप केलं? आमचं १९८४ साली नोंदणी पद्धतीने झालं. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, बाहेर येऊन सगळ्यांना पेढा आणि चहा. साक्षीदारांपैकी एक जण उशिरा आला म्हणून कचेरीतल्या शिपायाला सही मागायची वेळ आली होती. एक पैशाचं कर्ज नाही, कुणाचा मानपान नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून भांडणाला विषयच नाही. जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला त्याच वर्षी, २५ डिसेंबर १८७३ ला, पहिलं सत्यशोधक लग्न लागलं ते भटजीविना, जेमतेम खर्चात. दीडशे वर्षं झाली, आपण काय शिकलो? आता हळदीला पिवळा ड्रेसकोड आणि नवरीच्या एंट्रीला धुराची नळकांडी.

ठमी

अण्णा, सत्यशोधक लग्नं स्वस्त होती ती संसार टिकावा म्हणून नव्हे. भटजीच्या हातातून माणूस सोडवायचा होता. त्याला बजेट वेडिंगचं लेबल लावू नका.

आणि "भांडणाला विषयच नाही" हे वाक्य काकूंना दाखवून त्यांची सही आणा. तीन साक्षीदारांसमोर.

हिशेबी

पेपर मी पूर्वीच वाचला होता, म्हणून थोडं. एक, लेखकांनी संबंध दाखवलाय, कारण नाही. दोन, साडेतीन पट हा आकडा फक्त बायकांच्या नमुन्यातला आहे, तो सरसकट मिरवू नये. तीन, लग्नापायी झालेल्या कर्जाचा ताण हा मुद्दा लेखकांनी स्वतःच मांडलाय. म्हणजे अण्णांची "कर्ज नाही, कटकट नाही" ही ओळ पेपराला धरून आहे, मानपानाचं त्यांचं त्यांनी बघावं.

आणि ओसरीताई, राग मानू नका, काकांचे ७०० रुपये हे एक उदाहरण आणि तुमची मामेबहीण हे एक उदाहरण. दोन्ही पुरावे नव्हेत.

ओसरी

राग मानलाच. तिच्या दंडावरचा वळ मी पाहिलाय, नमुना क्रमांक एक म्हणून नाही पाहिला. अमेरिकेतला आकडा इथे लावू नका एवढंच म्हणतेय. तिकडे नाही पटलं तर लोक वेगळे होतात, म्हणून घटस्फोट मोजून निदान काहीतरी मोजलं जातं. आपल्याकडे वेगळं न होणं म्हणजे काय, ते कुठल्या रकान्यात भरणार?

हिशेबी

हा मुद्दा बिनतोड आहे. आधीच्या पोस्टमध्ये एवढ्या स्वच्छ शब्दांत नव्हता, पण असो.

ठमी

"पण असो"!! कबुली देताना पण जीएसटी लावतो हा माणूस.

एडिसनची_माई

आम्ही न्यू जर्सीत एकतीस वर्षं. इथे मुलगा गुडघ्यावर बसतो त्याआधी सहा महिने क्रेडिट कार्डवर बसलेला असतो. हिरा म्हणजे अतूट प्रेम ही समजूत काही आजीबाईच्या बटव्यातली नाही, हिऱ्यांच्या कंपनीची जाहिरात आहे, १९४७ ची. अंगठीवर इतक्या महिन्यांचा पगार घालावा हेही त्याच कंपनीने जाहिराती करकरून डोक्यात भरवलं.

माझ्या मुलाने साडेसहा हजार डॉलरची घेतली. दोन वर्षं चार महिन्यांत संपलं. मुलगी चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. तिने अंगठी परत केली. तो विकायला गेला तर पहिल्या दुकानात अकराशे म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी चौदाशे. पार्किंगमधून मला फोन करून रडला. घटस्फोटात नव्हता रडला.

सराफाघरचा

माई, तिकडचं राहू द्या, इथेही तेच. चार पिढ्या पेढीवर बसतोय म्हणून सांगतो. सोन्याची मोड येते, हिऱ्याची येत नाही. हिऱ्याची अंगठी बहुधा १८ कॅरेटमध्ये घडवतात, म्हणजे २२ कॅरेटचा भाव धरून आलेला माणूस तिथेच अर्धा गार होतो. मजुरी गेली, जीएसटी गेला, घट वजा. हिरा परत घ्यायचा की नाही आणि कितीला, हे दुकानाच्या मर्जीवर. त्यात आता प्रयोगशाळेतले हिरे आलेत. २०२३ च्या जूनमध्ये मोदींनी बायडेनबाईंना दिला तो साडेसात कॅरेटचा हिरासुद्धा तसलाच. त्यांचे भाव असे घसरलेत की खाणीतला घेतलेलं गिऱ्हाईक तोंड लपवतं. मुलींनो, वळं घ्या, पाटल्या घ्या.

ठमी

सराफांच्या तोंडून घटीचा विषय निघाला म्हणून आता माझं ऐका. आईने लग्नात मला खड्यांचा सेट घातला. घेताना काटा दाखवला तो खड्यांसकट, ४८ ग्रॅम. दहा वर्षांनी मोडायला गेले, त्याच दुकानात. खडे काढले, आतली लाख काढली, ३१ ग्रॅम. सतरा ग्रॅम खडे आणि लाख आम्ही सोन्याच्या भावाने विकत घेतले होते! वर तो म्हणतो, "ताई, तेव्हा पद्धतच तशी होती." पद्धत!

सराफाघरचा

सगळ्यांना एका मापात तोलू नका. आम्ही निव्वळ वजन वेगळं लिहून देतो. २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालाय, आता दागिन्यावर सहा अक्षरी क्रमांकही असतो, तो मोबाइलवर तपासता येतो.

ठमी

क्रमांक शुद्धता सांगतो. लाखेचं वजन सांगतो का?

सराफाघरचा

...नाही. बिल बघायचं. निव्वळ वजनाचा रकाना रिकामा असेल तर उठून यायचं. माझ्या धंद्यातली माणसं शिव्या घालतील, पण लिहिलं.

अण्णा_सातारकर

म्हणून म्हणतो पेढा द्यावा. पेढ्यात लाख नसते.

एडिसनची_माई

अण्णा, हल्लीच्या पेढ्यात काय असतं ते विचारू नका.

नवरा_मुलगा

धागा सराफकट्ट्यावर गेलाय, तरी विचारतो. माझं लग्न मार्गशीर्षात आहे. आम्हा दोघांना नोंदणी आणि चाळीस माणसांचं जेवण हवंय. आई म्हणते नऊशे. "आम्ही इतकी वर्षं लोकांकडे जेवलो, त्यांची पानं फेडायची नाहीत का?" काल यादीत मला एक नाव दिसलं: "गॅसवाला (जुना)."

ठमी

जुन्या गॅसवाल्याला बोलवाच. १९९९ मध्ये दोन सिलिंडर आणून दिले असतील त्याने.

हिशेबी

आईंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. खर्च आणि माणसं या दोन गोष्टी पेपराने वेगळ्या मोजल्यात आणि दोन्हींची दिशा उलटी निघालीय. माणसं जास्त आणि खर्च कमी, असं करणारी एकच पद्धत आपल्याकडे होती. गावजेवण. पत्रावळ, भात, आमटी, बुंदी. वाढायला भावकी.

ओसरी

आणि भावकीतल्या बायका पहाटे चारपासून मांडवाच्या मागे. खर्च कमी नव्हता हो, फक्त बिलात येत नव्हता. मामेबहिणीच्या लग्नात आमटीच्या पातेल्याने माझ्या मावशीचा हात भाजला. फोटोत सगळीकडे ती पदराआड हात घेऊन उभी आहे.

हिशेबी

मान्य. गावजेवण मागे घेतो.

अण्णा_सातारकर

आमच्या हिला धागा वाचून दाखवला. ठमीताईंना निरोप आहे: "भांडणाला विषय होते. मला १९८४ मध्ये निदान एक शालू हवा होता. कचेरीत मी आदल्या दिवशी धुतलेली साडी नेसून गेले, काठ ओला होता. यांना अजून माहीत नव्हतं." मी आता जरा वेळाने येतो.

ठमी

काकू. 🙏 आणि अण्णा, लिहिलंत याबद्दल तुम्हालाही, अर्धा.

एडिसनची_माई

ओसरी, बहिणीचं पुढे काय झालं? मघापासून विचारीन म्हणते.

ओसरी

२०२० मध्ये आली घरी. मामाच आणायला गेला, जमीन विकलेलाच. रस्त्यात काही बोलला नाही, फक्त रसवंतीवर गाडी थांबवली. नंतर संमतीने वेगळे झाले. दागिने मात्र तिकडेच. वकीलबाईंनी १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला, स्त्रीधन तिचं एकटीचं, सासरचे नुसते सांभाळणारे, परत केलं नाही तर अपहाराचा गुन्हा. पण कोणत्या दागिन्याचं किती वजन, याची एक पावती घरात सापडेना. लग्नाचा अल्बम आहे दोनशे फोटोंचा. त्यावरून मामीने एकेक दागिना ओळखून वहीत लिहिला.

सराफाघरचा

ज्या पेढीवर घेतलं तिथे जुन्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, म्हणजे दुकानाकडे राहिलेल्या नकला, असतात. लोक विचारत नाहीत. साल आणि तिथी सांगून मागा. नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा जा, मालक असतील त्या वेळी.

ओसरी

हे कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या मामीला फोन करते.

नवरा_मुलगा

माझी चूक झाली. जेवताना आईला पेपराबद्दल सांगितलं, की खर्च वाढला तर घटस्फोट वाढतो. ती म्हणाली, "आणि माणसं?" मी खरं सांगितलं. धुराची नळकांडी आणि ड्रोन रद्द झालेत. यादी अकराशेवर गेलीय.

ठमी

गॅसवाला?

नवरा_मुलगा

जुना आणि नवा, दोघंही. सहकुटुंब.