मदत हवी आहे : पैसे भरणाऱ्यांच्या खाटा किती ठेवाव्यात?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात आमच्या ट्रस्टचं म्हाताऱ्या माणसांचं केंद्र आहे, २० खाटांचं. सुरू केलं ते ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या आईबापांसाठी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल (आगाऊ पैसे) घेतलेले कोयते, म्हणजे तोडणीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, कारखान्यांवर जातात, मागं थकलेली माणसं उरतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, ती आमच्याकडं. त्यांच्याकडून पैसा घेत नाही.

देणग्यांवर भागेना म्हणून दोन वर्षांपूर्वी ६ खाटा महिना १२,००० रुपयांनी द्यायला लागलो. पुण्या-संभाजीनगरात नोकरीला असलेली मुलं आईवडिलांना ठेवतात. त्यातून मावश्यांचे पगार आणि किराणा निघतो. आता खजिनदार म्हणतात, ६ च्या १२ खाटा करा. हिशेबानं त्यांचं खोटं नाही.

कायदा आडवा येत नाही. सीएंनी सांगितलं, हिशेब वेगळा ठेवा. आणि प्राप्तिकराकडं धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमाला, साठीच्या पुढच्या माणसामागं राहणं-खाणं-देखभाल मिळून महिना २५,००० रुपयांपर्यंत जीएसटी नाही. अडलंय ते दुसरीकडंच.

परवा एका मुलाचा फोन आला. आईच्या शेजारच्या खाटेवरची आजी पहाटे मिश्री लावते, वास येतो, आईला वेगळी खोली द्या, वर पैसे देतो. मी नुसतं "बघतो" म्हणालो. (त्याची आई त्याच डबीतली मिश्री लावते, हे त्याला कोण सांगणार!) आजीच्या कानावर कसं गेलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी तिनं गठुडं उचलून व्हरांड्यात अंथरूण टाकलं. म्हणाली, "आम्ही फुकटातले, आम्हाला कुठंबी चालतंय."

तेव्हापासून झोप नाही.

सगळे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं नाव घेतात. १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालं, पैसे भरणाऱ्यांच्या जिवावर गरिबांची ऑपरेशनं होतात. खरंय. पण मोतीबिंदूचा पेशंट लगेच घरी जातो. आमच्याकडं पैसे भरून आलेला माणूस दसऱ्याला खाट रिकामी करत नाही, आणि तेव्हाच दारात गर्दी असते.

धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धनांना आणि १० टक्के दुर्बल घटकांना ठेवाव्या लागतात. तसा आकडा आपणच ठराव करून बांधून घ्यावा का? किती? वेगळ्या खोलीला नाही कसं म्हणायचं? कुणी असं केंद्र चालवत असेल तर सांगा.

---

प्रतिसाद :
६ च्या १२ करू नका. गुढीपाडव्यानंतर तुमच्या किती खाटा रिकाम्या असतात? त्या मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्यांना महिना-दीड महिन्याच्या बोलीवर द्या, दर जास्त लावा, सप्टेंबरअखेर खाली करायचं लेखी घ्या. वेगळी खोली द्यायचीच तर आजाराला द्या, पैशाला नको. आणि आधी आजीला आत आणा.

---

धागाकर्ता :
९-१० रिकाम्या असतात, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण फिजिओथेरपिस्ट धारूरला रोज येईल का? अंबाजोगाईहून कुणी येत असेल तर कळवा. आजी कालच आत आलीय. डबी घेऊन.