लिक्विड डेसिकंट: शोषक, शुष्कक की आणखी काही?

अर्धविराम: एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतोय. लिक्विड डेसिकंट (हवेतला ओलावा ओढून घेणारं द्रावण), अ‍ॅब्सॉर्प्शन, एनर्जी स्टोरेज असा मामला आहे. मी लिहिलं, 'द्रव शोषकांच्या शोषणातून ऊर्जाबचत'. तपासणाऱ्या बाईंनी समासात लाल शाईने विचारलंय, 'कोणाचं शोषण?' हवेतली वाफ लिथियम क्लोराइडच्या दाट द्रावणात जाते, एवढंच सांगायचंय हो. सुचवा.

टिपकागद: 'द्रव शुष्कक'. वापरलं की रुळतं.

अर्धविराम: शुष्कक मोठ्याने म्हणून बघा एकदा.

ओलावा: शोषण बदनाम झालं म्हणून टाकून द्यायचं? धातू शुष्. शोषण म्हणजे मुळात सुकवणं. घशाला शोष पडतो, तोच हा. तुमचा 'शोषक' म्हणजे शब्दशः डेसिकंटच. पिळवणूक मागाहून आली.

अर्धविराम: पटलं. पण माहितीपत्रकात व्युत्पत्ती कुठे सांगत बसू?

काठावरचा: आधी अ‍ॅड्सॉर्प्शन की अ‍ॅब्सॉर्प्शन ते बघा. सिलिका जेलच्या पुडीत वाफ पृष्ठभागाला धरून राहते, ते अधिशोषण. तुमच्या द्रावणात ती अंगभर मिसळते.

निळीशाई: मग जिरते म्हणा की! 'वाफजिरवं द्रावण'.

टिपकागद: आणि वाचक विचारणार, कोणाची जिरवली? शोषणातून सुटून इथे येऊन पडलो.

ओलावा: 'मुरते' कसं वाटतं?

काठावरचा: नाही. मुरलेलं सहसा परत काढत नाहीत, इथे तर काढायचंच आहे. त्याला द्रावण ६०-८० अंशांपर्यंत तापवलं तरी काम होतं, म्हणजे उन्हावरचा तापक किंवा कारखान्यातली वाया जाणारी उष्णता पुरते. साधा एसी हवा दवबिंदूखाली गार करून पाणी काढतो, आणि ती फार गार झाली की काही ठिकाणी पुन्हा कोमट करावी लागते. तो दुहेरी खर्च इथे वाचतो. रीजनरेशनला, म्हणजे द्रावणातलं पाणी असं परत काढण्याला, काय लिहिलंत?

अर्धविराम: पुनरुज्जीवन.

निळीशाई: द्रावण वारलं होतं का? 'आटवणं' म्हणा.

काठावरचा: वा, चपखल! आटवलेलं द्रावण झाकून टाकीत ठेवा, थंडगार झालं तरी साठा शाबूत. गरम पाण्याच्या टाकीसारखं कांबळं गुंडाळायला नको. म्हणून 'उष्णतेची साठवण' तेवढं लिहू नका.

अर्धविराम: शीर्षकच ते दिलंय...

ओलावा: मग साठवलं काय? शोष! तहान भरून ठेवली टाकीत.

टिपकागद: कविता दुसऱ्या धाग्यावर.

काठावरचा: कविता कसली, खरंच आहे. संहत द्रावणावरचा बाष्पदाब हवेतल्या बाष्पदाबापेक्षा कमी, म्हणून वाफ तिकडे ओढली जाते. एक किलो वाफ आत गेली की सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, ती वेगळी काढून घ्यावी लागते. तहान वाढवण्यालाही मर्यादा आहे. फार आटवलं की मिठाचे खडे धरतात आणि नळ्या तुंबतात.

टिपकागद: नळी चोंदते. तुंबतं ते गटार.

निळीशाई: चोंदतं नाक. नळी बुजते.

ओलावा: बुजतं जनावर. माणूसही, नव्या जागी.

अर्धविराम: मंडळी, मजकूर उद्या सकाळी द्यायचाय.

निळीशाई: नळी बुजते, यावर मी ठाम आहे.