छोट्या स्टेशनवर गाडी कुठल्या फलाटावर येणार, हे कळायचं कसं?

शेंगाचटणी:
आमचं स्टेशन सोलापूरपासून तासाभरावर, नाव मुद्दाम लिहीत नाही. परवा आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. फळ्यावर खडूनं लिहिलेली वेळ पुसट, भोंगा मुका. पत्र्याची शेड दहा पावलांची, बाकी सगळा फलाट उन्हात. ऐनवेळी गाडी पलीकडच्या फलाटावर लागली. आई सत्तरीची, जिना चढेपर्यंत गाडी हलली पण. तक्रार करायची कुठे?

होटगीकर:
रेल्वेचा १३९ नंबर लावा. गाडीची वेळ सांगतात, तक्रारही घेतात. रेलमदद ॲपवर फोटोसकट टाकली तर क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. नुसतं "सोय नाही" लिहू नका. कुठला फलाट, किती वाजता, ते लिहा.

कडकभाकरी:
ॲप तुम्हाला हो! आमच्या म्हाताऱ्याकडं बटणाचा फोन हाय, त्यानं काय करायचं?

होटगीकर:
१३९ बटणाच्या फोनवरनं पण लागतोय की.

शेंगाचटणी:
लावला होता. गाडी कळली, फलाट नाही कळला. आता डीआरएम, म्हणजे रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांच्या ऑफिसात लेखी अर्ज देते, ते सोलापुरातच आहे. भोंगा आणि शेड, दोनच मागण्या. नळाचं नंतर बघू, पाण्याची बाटली आम्ही घरनंच नेतो.