मदत हवी आहे: स्विफ्ट खाली घेतली, स्प्रिंग कडक केल्या, तरी वळणात पुढून बाहेर जाते

चक्रधर_चाकण
रविवारी पुन्हा कोइमतूरला कारी ट्रॅकवर जायचंय, त्यामुळे लवकर उत्तर हवंय. स्विफ्ट, आतून रिकामी केलेली, रोल केज आहे. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र, उंची बदलता येते) बसवलेत. पुढे ५० न्यूटन/मिमीच्या स्प्रिंग होत्या, आता ६० च्या टाकल्या. मागे ४५. वळणात शिरताना नाक छान घेते, पण मध्यावर स्टिअरिंग एकदम हलकं पडतं आणि गाडी सरळ बाहेर निघते. ६० वर तर आधीपेक्षा जास्त. डॅम्परचे (शॉक ॲब्सॉर्बरचे) क्लिक मऊ ते कडक सगळे पाहिले, प्रत्येक बदलाला पाच फेऱ्या, सगळं वहीत आहे. नोकरीत दिवसभर ट्रकचं सस्पेन्शनच करतो, म्हणून हे सुटत नाही याचा फार त्रास होतोय. मागची स्प्रिंग कितीची टाकू? फक्त आकडा सांगा.

फाउंड्रीवाला_कोल्हापूर
टायर कुठले? हवा किती? कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, किती? यातलं काहीच न लिहिता आकडा कसा सांगणार?

चक्रधर_चाकण
टायर नेहमीचेच, १९५/५५ आर १५. हवा थंड २८, फेऱ्यांनंतर ३५. कॅम्बर उणे १ अंश, म्हणजे चाक वरून आत कललेलं.

फाउंड्रीवाला_कोल्हापूर
गरम ३५ जास्त होते, थंड २४-२५ ने सुरुवात करा. बाहेरच्या पुढच्या टायरचं तापमान घेतलंत का? पिटमध्ये आल्या आल्या, सुई रबरात खुपसून, तीन ठिकाणी?

चक्रधर_चाकण
घेतलंय. बाहेर ९१, मध्ये ८३, आत ७०.

फाउंड्रीवाला_कोल्हापूर
मग झालं की! बाहेरच्या खांद्यावर २१ अंश जास्त म्हणजे टायर कडेवर उभा राहतोय. कॅम्बर उणे ३ करा. स्प्रिंगला हात लावू नका.

मागचा_बार
कॅम्बरने दुखणं झाकलं जाईल, जाणार नाही. पुढून ओढणाऱ्या गाडीला मागे जाड अँटीरोल बार (डावं-उजवं चाक जोडून झुकणं कमी करणारा दांडा) लागतोच. वळणात एकूण किती भार आतल्या चाकांवरून बाहेर जाणार हे वजन, उंची आणि चाकांमधलं अंतर ठरवतं. पुढे किती आणि मागे किती, तेवढं आपल्या हातात. मागे कडक करा, मागचं आतलं चाक उचलू दे, पुढच्यांना पकड मिळेल. मी माझ्या गाडीला दोन वर्षांपूर्वी केलं, तेव्हापासून तक्रार नाही.

फाउंड्रीवाला_कोल्हापूर
आणि पावसात? ब्रेकवरून पाय उचलला की मागचं बूड सुटतं, तेव्हा काय करता?

मागचा_बार
पावसात बार काढून ठेवतो. दोन बोल्टचं काम आहे.

नियमावर_बोट
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. खाली घेतलेली गाडी आरटीओत पास होणार नाही, विम्यालाही अडचण येईल.

चक्रधर_चाकण
गाडी रस्त्यावर चालतच नाही हो, ट्रेलरवरून नेतो.

उल्हासकाका
कारी ट्रॅकचं नाव वाचून लिहावंसं वाटलं. हा ट्रॅक २००३ सालचा, नाव एस. करिवर्धन यांचं. फॉर्म्युला मारुती ही रेसिंगची गाडी त्यांनीच घडवली, मारुती ८०० चं इंजिन घेऊन, म्हणून बेताच्या पैशातही पोरं रेसिंगला उतरू शकली. १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. त्याआधी आम्ही चेन्नईजवळच्या शोलावरमला रेस बघायला जायचो, युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर. पोरा, वही ठेवतोस हे फार चांगलं करतोस.

अनघा_कॉव्हेंट्री
चक्रधर, गाडी किती खाली घेतली आहे? आणि कुठून, खालच्या ब्रॅकेटवरून की स्प्रिंग जिच्यावर टेकते त्या कॉलरवरून?

चक्रधर_चाकण
कॉलरवरून. आधी ३० मिमी. ६० बसवताना आणखी १५.

अनघा_कॉव्हेंट्री
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. ६० वर वाईट झालं त्याचं खापर तुम्ही स्प्रिंगवर फोडताय, पण त्याच दिवशी उंचीही बदलली. कॉलर फिरवून खाली घेतलं की तेवढा दाबाचा प्रवास कमी होतो. गाडी झुकली की बाहेरचा स्ट्रट (स्प्रिंग-डॅम्परचा खांब) बंप स्टॉपरवर, म्हणजे प्रवासाच्या शेवटी असलेल्या रबरावर, टेकतो. तिथे स्प्रिंग ६० ची राहत नाही, एकदम कित्येक पट कडक होते, भार त्या टायरवर आदळतो आणि पकड सुटते. शिरताना ठीक, मध्यावर अचानक, हे त्याचंच लक्षण आहे. शिवाय मॅकफर्सनमध्ये, म्हणजे तुमच्या पुढच्या सस्पेन्शनच्या प्रकारात, गाडी फार खाली घेतली की खालचा आर्म चाकाकडे वर चढतो, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गुरुत्वमध्य जितका उतरतो त्याहून जास्त उतरतो आणि गाडी उलट जास्त झुकते.

स्प्रिंग पुरेशी कडक आहे. पुढच्या एका चाकावर चाकाचं स्वतःचं सोडून २५० किलो धरले, तर स्प्रिंगवर वर-खाली डोलण्याची वारंवारता सेकंदाला २.३ च्या आसपास येते. रस्त्याच्या टायरला भरपूर.

चाक काढून स्टॉपर बघा. आणि डॅम्परच्या दांड्यावर केबल टाय बांधा, फेऱ्यांनंतर तो कुठे सरकलाय ते मोजा.

फाउंड्रीवाला_कोल्हापूर
स्टॉपरचं मान्य. तरी उणे १ कॅम्बर कमीच आहे.

चक्रधर_चाकण
रात्री चाक काढलं. स्टॉपरच्या रबराचा तळ घासून चकचकीत झालाय, एका बाजूला नखाएवढी चीर. उभ्या गाडीत दांड्याची मोकळी जागा फक्त ११ मिमी. ट्रकवर हेच रोज मोजतो, स्वतःच्या गाडीवर एकदाही मोजलं नव्हतं.

चक्रधर_चाकण
सोमवार. परत आलो. सकाळी फक्त उंची बदलली, पुढून २० मिमी वर, बाकी तेच. पाच फेऱ्यांनंतर केबल टाय स्टॉपरच्या ४ मिमी अलीकडे थांबलेला. स्टिअरिंगचा जडपणा वळण संपेपर्यंत हातात राहिला. दुपारी कॅम्बर उणे २.५ केला: बाहेर ८६, मध्ये ८४, आत ८१. मागच्या स्प्रिंग ४५ च्याच. सगळ्यांचे मनापासून आभार, अनघाताईंचे विशेष.

फाउंड्रीवाला_कोल्हापूर
छान झालं. दुपारी गरम हवा किती होती ते लिहिलं नाहीत.

चक्रधर_चाकण
३१. थंड २५ ने निघालो होतो, तुम्ही सांगितलं तसं.