वाट चुकल्याचं लिहायचं, तर सोबत्याची चूक कितपत लिहावी?

शेवटून_दुसरी
नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं डोंगरभटकंतीवर लिहितेय, पण असा पेच पहिल्यांदाच पडलाय.

मागच्या महिन्यात आम्ही तिघं डोंगरावर होतो. माथा झाला, जरा टेकलो आणि उतरायला लागतोय तोच धुकं आलं. पुढच्याच्या सॅकचा रंग तेवढा दिसावा इतकं दाट. सगळ्यांत पुढे असलेल्या मित्राने होकायंत्र काढून दिशा घेतली, आम्ही त्याच्या मागे. चढताना वारा उजव्या गालावर होता, म्हणजे उतरताना डाव्या गालावर हवा. तो थोड्या वेळाने सरळ तोंडावर यायला लागला. गवत संपून घसारा लागला. चढताना घसारा नव्हताच. तरी वीसेक मिनिटं उतरत राहिलो. मग मित्राच्या बुटाखालून एक दगड सुटला. दोनदा आपटल्याचा आवाज आला, तिसऱ्यांदा आलाच नाही. तिथे थांबलो.

होकायंत्र त्याने छातीपाशी धरलं होतं आणि मोबाइल छातीवरच्याच खिशात होता. मोबाइलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं, सुई ओढली गेली. मोबाइल लांब केला तशी ती चाळीसेक अंश फिरली. आम्ही भलत्याच सोंडेवर होतो. परत दोनशे मीटर चढलो, फाटा शोधला आणि टॉर्चच्या उजेडात खाली आलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

लेख लिहून आधी त्याला वाचायला दिला. म्हणाला, "होकायंत्राचं काढ. धुक्यात चुकलो एवढं पुरे की." भांडला नाही, पण त्याला दोन आठवडे झाले, फोन नाही. तो परिच्छेद काढला तर लेखात उरतं काय? धुकं आणि सूर्यास्ताचं वर्णन. सूर्यास्त तर आम्ही पाहिलाही नाही. काय करू?

जुनी_सॅक
परिच्छेद ठेवा, नाव काढा. चुंबकाची ही भानगड भल्याभल्यांना माहीत नसते. नुसता मोबाइल नाही, चुंबकाच्या बटणाचं कव्हरही सुई फिरवतं. आणि होकायंत्र मोबाइलला लागून तसंच सॅकमध्ये पडून राहिलं तर सुई कायमची उलटी होऊ शकते, उत्तरेचं टोक दक्षिण दाखवतं. माझ्याकडे असं एक पडलंय, फेकवत नाही.

दुसरं म्हणजे, चूक नेमकी उतरताना का झाली तेही लिहा. चढताना सगळ्या सोंडा माथ्याकडे येऊन मिळतात, जराशी चूक खपून जाते. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात. सुरुवातीला दहा पावलं इकडेतिकडे झाली तरी खाली वेगळ्याच दरीत पोचता.

गोडगोड लेखांवर माझा राग आहे, त्याचं कारणही सांगतो. एकदा कुणाच्या तरी लेखात 'दीड तासात माथा' वाचून उशिरा निघालो. सहा किलोमीटर चाल, नऊशे मीटर चढ. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने साधा हिशोब घालून दिलाय: तासाला साधारण पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला वर आणखी एक तास. म्हणजे पावणेतीन तास, तेही न टेकता. लेखक डोंगरात धावणारा गडी होता, एवढंच काय ते लिहायचं राहिलं होतं. रात्र काढली एका दगडाच्या आडोशाला.

मुकी_वाट
माझं मत उलटं. लिहूच नका. तिथे जे झालं ते तिघांचं आहे, त्यातल्या एकाला नको असेल तर विषय संपला. मी तर लिहिणंच सोडलं. चालता चालता मनात वाक्यं जुळवायला लागलो होतो. एकदा घरी आल्यावर पहिला परिच्छेद तयार होता आणि वाटेत ओढा किती वेळा ओलांडला ते आठवेना.

पेन्सिलवाली
तुमची टिपणवही असेल तर आधी ती काढा. मी पेन्सिलच वापरते, शाई पावसात पसरते आणि पेन थंडीत दगा देतं. घरी येऊन लिहिलेलं आणि थांब्यावर खरडलेलं यात फरक पडतो. पेट्रार्क या इटालियन कवीचं व्हाँतू पर्वतावर चढल्याचं पत्र प्रसिद्ध आहे. तारीख २६ एप्रिल १३३६. त्यात तो म्हणतो की उतरल्यावर त्याच संध्याकाळी घाईघाईने लिहितोय. पण अनेक अभ्यासकांच्या मते ते पत्र बऱ्याच वर्षांनी रचलेलं आहे. असो. मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. बरोबर त्याचा भाऊ होता. भाऊ खड्या वाटेने सरळ वर गेला आणि हे महाशय सोपी वाट शोधत पुन्हा पुन्हा खाली भरकटले. चुकला कोण, हे सांगताना त्याने स्वतःचंच नाव घेतलंय.

आता तुमच्याकडे. तिघांत शेवटून दुसरी म्हणजे मधली ना? वारा डाव्या गालावर हवा होता हे तुम्हाला कळलं. घसारा चढताना नव्हता हेही कळलं. मग पुढची वीस मिनिटं तुम्ही काय बोललात?

शेवटून_दुसरी
हो, मधली.

काही बोलले नाही. आता वही काढून बघितली. दगड पडला तिथे थांबलो असताना लिहिलंय: 'वारा तोंडावर. बहुतेक फिरला असेल.' अक्षर थंडीने वाकडं झालंय. वारा फिरला असेल, असं मी स्वतःला समजावलं, कारण त्याच्याकडे होकायंत्र होतं आणि माझ्याकडे नुसता गाल. शिवाय परत चढायचा कंटाळा, तेही खरं. लेखात मात्र लिहिलं होतं, 'आम्हाला काहीच कल्पना नव्हती.'

ते वाक्य खोडलं. तिथे वहीतली ओळ जशीच्या तशी घातली आणि वीस मिनिटांचं सगळं लिहिलं. होकायंत्राचं दोन वाक्यांत ठेवलंय, कुणाच्या हातात होतं ते न सांगता. आत्ताच त्याला पाठवलं.

मुकी_वाट, ओढा आम्ही तीनदा ओलांडला. वहीत आहे.